लेपित तळजमीन, गॅरेजमधील

मोटारगाडी ठेवण्याच्या बंदिस्त जागेतील काँक्रीटच्या तळजमिनीवर इपॉक्सी, पॉलियुरेथेन यांसारख्या संश्लिष्ट रेझिनांचे एक किंवा अधिक हात देऊन जे कठीण, धूळविरहित व तेल न शोषणारे पृष्ठ तयार करतात, त्यास लेपित तळजमीन म्हणतात. (मराठीत ‘गॅरेज’ हा शब्द मोटारदुरुस्तीच्या दुकानासाठीही रूढ आहे, येथे तो घराच्या मोटारखोलीच्या अर्थी वापरला आहे.) असा लेप सर्वत्र सारख्या जाडीचा, सारख्या रंगाचा व सारख्या चकाकीचा असावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र रोलरच्या रेषा, निस्तेज डाग, बुडबुडे, खळगे, चिकट राहिलेले भाग किंवा सुटलेले पोपडे अशी विषमता त्यात पुष्कळदा आढळते. ही विषमता म्हणजे बहुधा आतील दोषाचे बाह्य लक्षण होय. दोष केवळ वरच्या पटलापुरता आहे, की लेप व काँक्रीट यांमधील बंधच दुर्बल झाला आहे, हे ठरविल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही. कारण वरून दिलेला नवा हात कितीही चांगला असला, तरी त्याची पकड खालच्या सर्वांत दुर्बल थराच्या पकडीहून अधिक असू शकत नाही.

पार्श्वभूमी : अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत घराला जोडूनच गॅरेज बांधण्याची पद्धत आहे. त्याची तळजमीन म्हणजे खडीच्या थरावर ओतलेली सु. १० सेंमी. जाडीची काँक्रीटची लादी असते. काँक्रीट सच्छिद्र असल्यामुळे तेल, ब्रेकचा द्रव व बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या लवणांचे पाणी त्यात मुरते; तसेच वर्दळीने पृष्ठभाग झिजून सतत बारीक धूळ उडते. यावर उपाय म्हणून लेप देण्यात येतो.

प्रारंभी यासाठी तैलरंग व अल्किड रंग वापरीत. पण ते काँक्रीटवर फार काळ टिकत नसत. पोर्टलंड सिमेंटच्या (या सिमेंटाचे एकस्व इंग्लंडमध्ये जोझेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले) जलसंयोगात कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते व त्यामुळे ताजे काँक्रीट तीव्र क्षारीय असते. ओलाव्याच्या सान्निध्यात हा क्षार तेलाचे साबणीकरण करतो आणि रंग मऊ पडून निघून येतो. क्षाराला न जुमानणारी इपॉक्सी रेझिने स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां व अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांच्या संशोधनातून पुढे आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. पॉलियुरेथेनाचे रसायन जर्मनीत ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये विकसित केले. लवकर पक्की होणारी पॉलिॲस्पार्टिक रेझिने १९९० नंतरच्या दशकात वापरात आली. हे लेप प्रथम कारखाने व विमानांच्या कोठारांसाठी होते. पुढे घरमालकाने स्वतः लावावयाचे संच बाजारात आले आणि त्याबरोबर पृष्ठाच्या विषमतेची तक्रारही सार्वत्रिक झाली. भारतात याच प्रकारचे लेप औषधांच्या व खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत तसेच मोठ्या शहरांतील इमारतींच्या तळघरांतील वाहनतळांवर दिले जातात.

लेपाची घडण : इपॉक्सी लेप दोन घटकांचा असतो. रेझीन व कठिनीकारक (बहुधा अमाइन वर्गातील संयुग) ठराविक प्रमाणात मिसळले म्हणजे त्यांच्या रेणूंची त्रिमितीय जाळी बनते व द्रवाचे घन पटल होते. ही विक्रिया उष्णतादायी असते. मिश्रण बादलीत एका जागी राहिले, तर उष्णता बाहेर पडू न शकल्याने ते झपाट्याने दाट होते. तेच जमिनीवर पसरले, तर संथपणे पक्के होते. म्हणून मिश्रण तयार होताच ते ओळीने जमिनीवर ओतून मग पसरतात. कठिनीकारक जास्त घातल्याने लेप लवकर पक्का होतो ही समजूत चुकीची आहे. जाळीत न गुंतलेला जादा घटक पटलात तसाच राहतो व पटल मऊ किंवा चिकट होते.

सर्वसाधारणपणे अस्तराचा हात, रंगीत मुख्य हात व पारदर्शक संरक्षक हात असे तीन थर देतात. मुख्य हातावर तो ओला असतानाच रंगीत चकत्यांची किंवा वाळूच्या कणांची पखरण करण्याचीही पद्धत आहे. पटलाची अंतिम जाडी ही त्यातील अबाष्पनशील भागावर अवलंबून असते. उदा., ६ मी. × ६ मी. म्हणजे ३६ चौ. मी. जमिनीवर संपूर्ण घनरूप होणाऱ्या इपॉक्सीचे ९ लि. मिश्रण सारखे पसरले, तर पटलाची जाडी २५० मायक्रॉन (०·२५ मिमी.) होते, तेवढेच, परंतु घनफळाने निम्मे पाणी असलेले मिश्रण पसरले, तर सुकल्यावर १२५ मायक्रॉनच उरतात. यावरून हेही स्पष्ट होते, की १ मिमी. खोलीचे ओरखडे किंवा खळगे अशा पटलाने झाकले जाऊ शकत नाहीत. ते आधीच भरून सपाट करावे लागतात.

पृष्ठ सपाट होण्याची क्रिया : रोलर फिरविल्यावर ओल्या लेपावर उंचसखल रेषा उमटतात. द्रवाचा पृष्ठताण या रेषा सपाट करू पाहतो, तर श्यानता (दाटपणा) त्याला विरोध करते. या क्रियेच्या गणितावरून असे दिसते, की सपाट होण्यास लागणारा काळ श्यानतेच्या सम प्रमाणात, दोन रेषांमधील अंतराच्या चतुर्घाताच्या सम प्रमाणात आणि पटलाच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे लेपाची जाडी निम्मी केली, तर सपाट होण्यास आठपट वेळ लागतो आणि रेषांमधील अंतर दुप्पट झाले, तर सोळापट. दाट होत चाललेल्या मिश्रणाला एवढा अवधी मिळत नाही. रंग पुरवून वापरण्याच्या हेतूने पातळ ओढलेल्या लेपावर रोलरच्या खुणा कायम का राहतात आणि रुंद लाटा आपोआप का जिरत नाहीत, याचा उलगडा या संबंधांवरून होतो.

विषमतेचे प्रकार व कारणे : (१) रेषा व पट्टे : पातळ हात, दाट होऊ लागलेले मिश्रण किंवा तंतू गाळणारा हलका रोलर यांमुळे रेषा राहतात. आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढला नाही, तर जोडाच्या जागी दुहेरी जाडीची गडद पट्टी दिसते. रोलर अर्धवट दाट झालेल्या लेपावरून पुन्हा फिरविल्यास संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत पृष्ठ येते.

(२) चकाकीतील फरक : काँक्रीटचा जो भाग अधिक सच्छिद्र असतो तेथे पहिला हात शोषला जाऊन पृष्ठ निस्तेज दिसते, तर दाट भागावर ते चकचकीत राहते. दमट व थंड हवेत दुसरेही कारण संभवते. कठिनीकारकातील अमाइने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व ओलावा यांच्याशी संयोग पावून पृष्ठावर पांढुरकी, मेणचट साय तयार करतात. ही साय पाण्यात विरघळणारी असते, पण ती न काढता वर दुसरा हात दिला, तर दोन हातांमध्ये ती तशीच राहून वरचा हात सोलून निघतो.

(३) रंगातील फरक : वेगवेगळ्या घाण्यांतील डबे आधी एकत्र न मिसळता वापरणे, तळाशी बसलेले रंगद्रव्य न ढवळणे आणि पातळ हातातून खालचे काँक्रीट दिसणे, ही त्याची प्रमुख कारणे होत. नेहमीच्या इपॉक्सीवर सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचा परिणाम होऊन ती पिवळी पडते. दाराजवळचा उन्हातील पट्टा व आतील भाग यांत काही काळाने पडणारा फरक यामुळे उद्‌भवतो.

(४) बुडबुडे व छिद्रे : काँक्रीटच्या रंध्रांतील हवा तापमान वाढू लागताच प्रसरण पावून ओल्या लेपातून वर येते, काही बुडबुडे फुटून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उरतात. सकाळी ऊन चढत असताना दिलेल्या हातात हा दोष अधिक असतो. तिसऱ्या प्रहरानंतर, लादी निवू लागल्यावर हात दिल्यास तो कमी होतो. जलद यंत्राने ढवळल्यामुळे मिश्रणात शिरलेली हवा हेही एक कारण आहे.

(५) गोल खळगे : तेल, मेण किंवा सिलिकोन यांचा अंश पृष्ठावर राहिला असल्यास त्या ठिकाणी लेप पसरण्याऐवजी मागे सरकतो व माशाच्या डोळ्यासारखे गोल, उघडे ठिपके दिसतात. टायरांना चकाकी आणण्यासाठी मारावयाच्या फवाऱ्यांत सिलिकोन असते, त्यामुळे गॅरेजमध्ये हा दोष विशेष आढळतो.

(६) मऊ व चिकट भाग : दोन घटकांचे प्रमाण चुकणे किंवा ते नीट न मिसळणे हे याचे कारण होय. बादलीच्या कडेला व तळाला चिकटलेला भाग पुरता मिसळलेला नसतो. बादली उपडी करून तो निथळू दिल्यास नेमक्या त्या जागेचा लेप चिकट राहतो. प्रमाण घनफळाने दिले आहे की वजनाने, याकडे दुर्लक्ष झाल्यासही असे होते.

(७) फोड व पोपडे : जमिनीतील ओलावा लादीतून वर येऊन लेपाखाली साचणे, काँक्रीटवरील दुर्बल सिमेंटची साय न काढणे, जुने तेल मुरलेले असणे किंवा पूर्वी दिलेला मेणासारखा संरक्षक लेप तसाच राहणे, यांपैकी एखाद्या कारणाने बंध तुटतो. लांबच्या प्रवासाहून आलेल्या गाडीची तापलेली टायरे ज्या जागी उभी राहतात तेथे हा दोष प्रथम दिसतो. टायरांच्या उष्णतेने व त्यांतून पाझरणाऱ्या मृदुकारक द्रव्यांनी लेप मऊ होतो आणि निवताना आकसणाऱ्या टायरांबरोबर तो ओढला जातो. पातळ व जलविद्रावी लेपांत याचे प्रमाण अधिक असते.

तपासणी : वरील सात प्रकारांपैकी पहिले पाच बहुधा पटलापुरते मर्यादित असतात, सहावा पटलाच्या आतील व सातवा बंधाचा दोष आहे. मात्र एकाच जमिनीवर ते मिसळून आढळत असल्याने पद्धतशीर तपासणी करणे आवश्यक ठरते. दार अर्धे उघडून किंवा विजेचा दिवा जमिनीलगत ठेवून तिरप्या प्रकाशात पाहिले असता उंचसखलपणा व चकाकीतील फरक स्पष्ट दिसतात. आढळलेले भाग खडूने आखून घेतात. नंतर कोमट पाणी व साबण यांनी एक निस्तेज भाग धुऊन पाहतात. धुतल्याने चकाकी परत आल्यास दोष मेणचट सायीचा समजावा. ॲसिटोनात भिजविलेल्या फडक्याने थोडा भाग घासल्यावर रंग फडक्याला मोठ्या प्रमाणात लागला किंवा पटल मऊ पडले, तर लेप पक्का झालेला नाही किंवा तो मुळातच एकघटकी रंग आहे, असा निष्कर्ष निघतो.

बंधाच्या परीक्षेसाठी धारदार पात्याने पटलावर परस्परांना छेदणाऱ्या दोन चिरा काँक्रीटपर्यंत पाडून त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवितात व झटक्याने ओढतात. चिरांच्या कडांचे तुकडे पट्टीबरोबर आले, तर बंध दुर्बल आहे. लाकडी दांड्याने ठोकून पाहिल्यास सुटलेल्या भागाचा आवाज पोकळ येतो. मोठ्या कामात धातूची चकती लेपावर चिकटवून ती उपकरणाने ओढतात व तुटण्यास लागणारा ताण मोजतात. १·५ मेगापास्काल हे मूल्य सामान्यतः समाधानकारक मानले जाते. आणि तुटणे लेपाच्या सांध्यात न होता काँक्रीटमध्येच झाले, तर बंध उत्तम समजतात.

फोड असल्यास लादीतील ओलावा तपासणे अनिवार्य आहे. यासाठी लेप काढलेल्या जागी सु. ४५ सेंमी. चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून निदान १६ तास ठेवतात. त्याखाली पाण्याचे थेंब दिसल्यास किंवा काँक्रीट गडद झाल्यास ओलावा वर येत आहे हे उघड होते. पण काही न दिसल्यास लादी कोरडीच आहे असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. अधिक विश्वसनीय पद्धतीत लादीला तिच्या जाडीच्या ४० टक्के खोलीचे छिद्र पाडून त्यातील सापेक्ष आर्द्रता मोजतात. या दोन्ही परीक्षांच्या प्रमाणित पद्धती अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेने (स्थापना १८९८) प्रसिद्ध केल्या आहेत.

दुरुस्ती : तपासणीच्या निष्कर्षानुसार दुरुस्तीच्या तीन पायऱ्या पडतात.

(अ) बंध घट्ट व पटल पक्के असल्यास : प्रथम संपूर्ण जमीन साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ पाण्याने खंगाळतात. धुण्यापूर्वी घासकाम करू नये. कारण त्यामुळे मेणचट साय व तेल निघून न जाता पटलात रगडले जाते. कोरड्या पृष्ठावरील उंच रेषा, गाठी व बुडबुड्यांच्या कडा ८० क्रमांकाच्या आणि नंतर सर्व जमीन १०० ते १२० क्रमांकाच्या काचकागदाने घासतात. चकाकी सर्वत्र सारखी नाहीशी झाली म्हणजे घासणे पुरेसे झाले. मध्येच चमकणारे ठिपके उरले असतील, तर ते खोलगट भाग असून तेथे कागद पोहोचलेला नसतो. छिद्रे व खळगे इपॉक्सीत बारीक भरणद्रव्य मिसळून केलेल्या लांबीने भरतात व सुकल्यावर पुन्हा घासतात. धूळ यंत्राने शोषून घेऊन, उत्पादकाने सुचविलेल्या विद्रावकात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पृष्ठ पुसतात आणि मग संपूर्ण जमिनीवर सारख्या जाडीचा एक हात देतात.

पहिला हात दिल्यापासून उत्पादकाने ठरविलेल्या मुदतीत (पुष्कळ इपॉक्सींच्या बाबतीत सु. एका दिवसात) दुसरा हात दिला, तर दोन्ही हातांचा रासायनिक संयोग होऊ शकतो. मुदत उलटल्यावर पटल निष्क्रिय होते व नव्या हाताला केवळ खडबडीत पृष्ठाचाच आधार राहतो. त्यामुळे जुन्या लेपावर काचकागद न फिरविता दिलेला हात काही महिन्यांतच पापुद्र्यासारखा सुटण्याचा संभव असतो.

डागापुरता हात देऊन केलेली दुरुस्ती चकाकीतील व रंगातील फरकामुळे नेहमी उठून दिसते. खर्च वाचविण्यासाठी अर्धीच जमीन रंगवावयाची असेल, तर नव्या लेपाची कड लादीतील सांध्यावर आणून थांबवावी. डोळ्याला तेथे सीमारेषा अपेक्षितच असते.

(आ) काही भाग मऊ किंवा सुटलेला असल्यास : मऊ भागावर नवा हात दिल्याने तो पक्का होत नाही, तो खरवडून व विद्रावकाने पुसून काँक्रीटपर्यंत काढून टाकावा लागतो. पोपडे आलेल्या भागात पाते घालून लेप जेथपर्यंत सहज सुटतो तेथपर्यंत काढतात आणि घट्ट लेपाची कड तिरपी घासून पातळ करतात, म्हणजे नव्या हाताखाली पायरी उमटत नाही. उघड्या काँक्रीटला अस्तराचा हात देऊन व पातळी भरून काढून मग (अ) मध्ये सांगितल्याप्रमाणे संपूर्ण जमिनीवर हात देतात. सुटलेले भाग निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असतील, तर उरलेला लेपही विश्वासार्ह नाही असे समजून पुढील पायरी गाठणे शेवटी कमी खर्चाचे ठरते.

(इ) बंध सर्वत्र दुर्बल असल्यास : लेप पूर्णपणे काढणे हाच उपाय उरतो. यासाठी हिऱ्याचे कण बसविलेल्या चकत्यांचे घासणी यंत्र किंवा पोलादी गोळ्यांचा मारा करणारे यंत्र वापरतात. अशाने लेपाबरोबर सिमेंटची दुर्बल सायही निघते व काँक्रीटला काचकागदासारखा खरखरीतपणा येतो. इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेने अशा खरखरीतपणाच्या १ ते १० या श्रेणी ठरविल्या असून त्यांचे नमुनेही उपलब्ध आहेत. पातळ लेपांना खालच्या व जाड लेपांना वरच्या श्रेणी योग्य असतात. हायड्रोक्लोरिक अम्लाच्या विरल विद्रावाने पृष्ठ खरवडण्याची रीत स्वस्त असली, तरी अम्ल फक्त उघड्या सिमेंटवर क्रिया करते. जुना लेप, तेल किंवा मेण त्याने निघत नाही. शिवाय विक्रियेत तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड भरपूर पाण्याने धुऊन न काढल्यास तेच नव्या लेपाखाली ओलावा ओढून घेते.

लेप काढल्यावर स्थिर भेगा इपॉक्सीने भरतात. परंतु हालचाल होणारे सांधे लवचिक द्रव्याने भरावे लागतात, अन्यथा कठीण लेप त्या रेषेवर पुन्हा तडकतो. ओलाव्याचे मान जास्त असल्यास प्रथम ओलावारोधक इपॉक्सीचा हात देतात. नव्याने ओतलेली लादी निदान २८ दिवस होईपर्यंत सामान्यतः लेपत नाहीत.

हात देण्याची रीत : लागणारे सर्व डबे आधी एकत्र मिसळून रंग एकसारखा करतात. दोन्ही घटक मोजून, मंद गतीच्या यंत्राने सु. तीन मिनिटे ढवळतात. मिश्रण दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळल्यास कडेचा न मिसळलेला भाग उरत नाही. मिश्रण ओळीने ओतून दातेरी कडेच्या रबरी पट्टीने पसरतात. पट्टीच्या दातांची उंची ठराविक असल्याने लेपाची जाडी हाताच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही. त्यानंतर तंतू न गाळणारा रोलर प्रथम एका दिशेने व लगेच तिच्याशी काटकोनात फिरवितात. शेवटचे ओढे सर्व जमिनीवर एकाच दिशेचे असावेत. खिळे लावलेली पादत्राणे घातल्यास ओल्या लेपावरून चालता येते. मिश्रण दाट होऊ लागले, की ते विरलक घालून वाढवू नये, टाकून द्यावे. गुळगुळीत लेप ओला झाला म्हणजे निसरडा होतो. म्हणून शेवटच्या हातात ॲल्युमिनियम ऑक्साइडासारखे कठीण कण घालतात. हे कण तळाशी बसत असल्याने मिश्रण मधूनमधून ढवळावे लागते, नाहीतर खरखरीतपणातही विषमता येते.

हवामान : रासायनिक विक्रियांच्या सर्वसाधारण नियमानुसार तापमान १०° से. ने वाढल्यास लेप पक्का होण्याचा वेग सु. दुप्पट होतो. थंडीत मिश्रण दाट राहून नीट पसरत नाही, तर उन्हाळ्यात ते पसरण्यापूर्वीच आळते. लादीचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा निदान ३° से. ने अधिक असावे, असा नियम आहे; अन्यथा पृष्ठावर न दिसणारे दव साचून बंध बिघडतो. ३०° से. तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सु. २६° से. असतो, म्हणजे लादी २९° से. हून थंड असता कामा नये. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवा याहूनही दमट असते आणि जमिनीला टेकलेली लादी हवेपेक्षा थंड राहते. त्यामुळे मुंबई किंवा गोवा येथील तळघरांतील असे काम शक्यतो पावसाळ्यानंतर हाती घेणे योग्य असते.

धोके व दक्षता : काँक्रीट कोरडे घासताना स्फटिकी सिलिकेची सूक्ष्म धूळ उडते, तिच्या दीर्घ संपर्काने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार होतो. म्हणून धूळशोषक जोडलेले यंत्र व योग्य श्वसनमुखवटा वापरणे आवश्यक आहे. अमेरिकेत २०१६ च्या नियमान्वये कामगाराच्या श्वसनक्षेत्रातील अशा धुळीची आठ तासांची सरासरी मर्यादा दर घ. मी. ला ५० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली. अपक्व इपॉक्सी व अमाइने यांच्या स्पर्शाने त्वचेला कायमची अधिहर्षता (ॲलर्जी) जडू शकते. पॉलियुरेथेनातील आयसोसायनेटांमुळे दमा उद्‌भवू शकतो. विद्रावकांची बाष्पे हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतात. अमेरिकेतील गॅरेजमध्ये पाणी तापविण्याची वायूची भट्टी पुष्कळदा असते. तिची ज्योत विझविल्याशिवाय विद्रावक उघडू नयेत. अम्ल वापरताना पाण्यात अम्ल घालावे, अम्लात पाणी घालू नये. तसेच विरंजक चूर्णाशी किंवा तत्सम क्लोरीनयुक्त द्रव्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

मर्यादा : लादीखाली ओलावारोधक पडदा घातलेला नसेल आणि भूजलाचा दाब सतत वर येत असेल, तर वरून दिलेला कोणताही लेप दीर्घकाळ टिकण्याची हमी देता येत नाही. अशा ठिकाणी आधी बाहेरील पाण्याचा निचरा सुधारणे आवश्यक असते. ते शक्य नसल्यास बाष्प जाऊ देणारे पर्याय निवडतात : उदा., सोडियम किंवा लिथियम सिलिकेटाच्या विद्रावाने काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण करून तो घासून गुळगुळीत करणे, अथवा एकमेकींत अडकणाऱ्या सुट्या प्लॅस्टिक फरश्या अंथरणे. या पृष्ठांना इपॉक्सीची चकाकी नसते, परंतु त्यांवर फोड व पोपडेही येत नाहीत.